हाकेला थांबणाऱ्या कुसुम सिस्टर

कुसुम सिस्टरबरोबर पळायला जायचं म्हणजे थांबायची तयारी ठेवायची, हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं. पहाटे साडेपाचला आम्ही बेंबळीच्या आरोग्य केंद्रापासून निघायचो. गाव संपायच्या आत कुणीतरी शेकोटीजवळून हात वर करायचं, "सिस्टर, जरा थांबा की." सिस्टर थांबल्याच म्हणून समजा. कुणाच्या सुनेला सातवा लागलेला असायचा, कुणाच्या बीपीच्या गोळ्या संपलेल्या असायच्या, कुणाला नुसतंच "एवढ्या थंडीत कुठं" हे विचारायचं असायचं. मी मनगटावरचं नवंकोरं घड्याळ बंद करायची, जागच्या जागी पाय हलवत राहायची आणि मनातल्या मनात चरफडायची. जानेवारीत सोलापुरात आम्हाला एकवीस किलोमीटर पळायचं होतं, आणि दिवाळी होऊन गेली तरी आमचे सलग पाच किलोमीटर एकदाही झाले नव्हते.

मी त्या वर्षी बदली होऊन बेंबळीच्या शाळेत आले होते. रक्तातली साखर वाढायला लागली होती. आरोग्य केंद्रात दाखवायला गेले, तर डॉक्टर मीटिंगला धाराशिवला गेलेले. तिथं या आरोग्य सेविका बसल्या होत्या. त्यांनी माझा रिपोर्ट लांब धरून वाचला, मग माझ्याकडं वरून खाली पाहिलं आणि म्हणाल्या, "गोळी तर डॉक्टर लिवून देतीलच. तवर पळायला येता का?"

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण त्यांनी लसीकरणाच्या वहीतून एक घडी घातलेला कागद काढला. सोलापूरच्या स्पर्धेची जाहिरात होती ती. घडीवर कागद विरला होता, म्हणजे बऱ्याच दिवसांपासून तो वहीत असणार.

"तुम्ही एकट्या का नाही जात?" मी विचारलं.

"पळते की एकटी. पंधरा वर्षं झाली." त्यांनी कागदाची पुन्हा तशीच घडी घातली. "पण एकटीला मागून कोण तरी येतंय असं वाटत राहतं. दोघी असलो की बोलण्यात जातं."

त्या तेव्हा त्रेचाळीस वर्षांच्या होत्या. उंची बेताची, अंग काटक, रंग सावळा, आणि पुढचा एक दात किंचित तुटलेला. पळताना सलवार-कमीजवर दोन स्वेटर घालायच्या. त्यातला आतला उलटा, कारण त्याची लोकर टोचते म्हणायच्या. डोक्याला कानटोपी. पायात ड्युटीवरचेच पांढरे कॅनव्हासचे बूट. खिशात शिळ्या भाकरीचा तुकडा, त्याला लावलेली शेंगदाण्याची चटणी आणि एक गुळाचा खडा. निघायच्या आधी करडईचं तेल कोमट करून तळपायाला चोळायच्या, आणि माझ्यासाठीही वाटीत आणायच्या. मी पायमोजे काढायला कंटाळले तर काही बोलायच्या नाहीत, वाटी घेऊन समोर उभ्या राहायच्या.

घड्याळातले आकडे त्यांना पटत नसत. "बोलता येतंय तवर पळा. बोलणं तुटलं की हळू व्हा. फिरून बोलता आलं की फिरून पळा." एवढंच त्यांचं शास्त्र, आणि ते खरं निघालं. डिसेंबर उजाडेपर्यंत मी दहा किलोमीटर पळत होते.

रस्त्यावरची घरं त्यांना बाळंतपणांवरून ठाऊक होती. "ह्या घरातली दोन्ही माझ्या हातची. धाकटी पायाळू आली." पुढं गेलं की, "हितल्या सुनेनं लई घोर लावला होता. आता बगा, कशी टम्म झालीय." त्यांनी ज्याला ज्याला पहिल्यांदा हातात धरलं होतं, तो आता मोटारसायकलवरून भरधाव जायचा आणि त्या त्याच्या मागं पुटपुटायच्या, "टोपी घाल रं, कान फुटतील."

पुटपुटायच्या, असं मी मुद्दाम लिहिलं. कुसुम सिस्टरनी कुणाला मोठ्यानं हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. केंद्रात बाकड्यावर बसलेल्या बायकांना आतून नावानं बोलवायची पद्धत असते. या उठून बाहेर यायच्या, बाईच्या खांद्याला हात लावायच्या आणि तिला आत न्यायच्या. मला पहाटे उठवायलाही त्यांनी कधी हाक मारली नाही. मी उशिरा उठले तर फाटकापाशी उभ्या असायच्या. कितीही थंडी असो, तशाच.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. गल्लीतून जाताना त्या बरोबर मधून चालायच्या. मागून गाडीवाला हॉर्न वाजवून बेजार व्हायचा, पण त्या भिंतीच्या बाजूला सरकायच्या नाहीत. त्याला पुढं जायचं असेल तर त्यानं कडेनं जावं. लोक हसायचे, म्हणायचे सिस्टरला कमी ऐकू येतं. खरं तर गावात त्यांच्याइतकं बारीक ऐकणारं कुणी नव्हतं.

आमच्याच रस्त्यावर पहाटे पोलीस भरतीची तयारी करणारी पाच-सहा तरणी पोरं पळायची. आम्हाला मागं टाकून जाताना त्यांना मोठी मौज वाटायची. त्यांना सिस्टरची सवय कळली होती. एका पहाटे धुकं इतकं दाट होतं की हातभर पुढचं दिसत नव्हतं. उजव्या हाताच्या तुरीतून आवाज आला, "सिस्टर, थांबा ओ."

सिस्टर थांबल्या. बॅटरी लावली आणि सरळ तुरीत शिरल्या. मी रस्त्यावर उभी. आतून तुरीची सळसळ, मग शांतता, मग लांबून दबलेलं हसू. पाच मिनिटांनी त्या बाहेर आल्या तेव्हा दवानं गुडघ्यापर्यंत भिजल्या होत्या.

"सिस्टर, ती भरतीची पोरं आहेत. मजा करतायत."

"व्हय, माझ्या बी ध्यानात आलं."

दुसऱ्या दिवशी तोच आवाज, तीच तूर. त्या पुन्हा शिरल्या. तिसऱ्या दिवशी मी त्यांचा हात धरला. म्हटलं, तुम्हाला ठाऊक आहे ना कोण आहे ते, मग कशाला जाता? त्यांनी माझा हात सोडवला. रागानं नाही, एखाद्या पोराचा सोडवावा तसा.

"एकदा खरंच कोण असंल तर?" म्हणाल्या, आणि शिरल्या.

त्या दिवशी पोरं पळून गेली नाहीत. त्यातला एक तुरीतून त्यांच्याबरोबर बाहेर आला, मान खाली घालून. त्यानंतर ती पोरं आम्हाला ओलांडताना "ताई, चला" म्हणून जायची, आणि तुरीतला आवाज बंद झाला. पण पुढं कितीतरी दिवस त्या जागी आलं की सिस्टरचा पाय आपोआप हळू व्हायचा. तूर कापून झाली, रान मोकळं झालं, तरीही.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमचं सर्वांत लांबचं पळणं ठरलं होतं. शुक्रवारी त्या म्हणाल्या, "बाई, या रविवारी म्या सांगते तिथं जाऊ. लोहाऱ्याकडं. अकरा किलोमीटर जायचं, अकरा यायचं."

"तिकडं कशाला?"

"माझं माहेर हाय."

इतक्या महिन्यांत त्यांच्या तोंडून माहेर हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. क्वार्टरमध्ये त्या एकट्याच राहायच्या. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, कपाटावर बुद्धाची छोटी मूर्ती, आणि कोनाड्यात एका म्हाताऱ्या गृहस्थांचं फ्रेममधलं छायाचित्र. ते वडील, एवढंच ठाऊक होतं. मी अधिक विचारलं नव्हतं.

रविवारी अंधारातच त्यांच्या स्कूटीवर निघालो. अंगावर दोन स्वेटर आणि शाल असूनही दात वाजत होते. गावांची नावं इथं लिहीत नाही, सिस्टरना ते आवडलं नसतं. आधी आम्ही त्यांच्या मावशीच्या गावी गेलो. मावशी आता नव्हत्या. मावसभावानं स्कूटी अंगणात लावून घेतली, चहा दिला. सिस्टर बुटाच्या नाड्या बांधत होत्या, तेव्हा तो हळूच म्हणाला, "अक्का, गाडीनं जा की. पायी कशाला?"

त्यांनी नाडीची गाठ पुरी केली. "पायीच जायचं हाय," म्हणाल्या.

उजाडलं होतं. दोन्ही बाजूंना ज्वारी निसवली होती आणि कणसांवर दव होतं. पहिले तीन-चार किलोमीटर त्या काहीच बोलल्या नाहीत. त्यांच्याच नियमानं मला काळजी वाटली. म्हटलं, बोलणं तुटलंय, हळू व्हायचं का? तेव्हा त्यांनी बोलायला सुरुवात केली. पळत पळत, श्वास घेत, माझ्याकडं न बघता.

"म्या बारा वर्साची होते. शाळेसाठी मावशीकडं ऱ्हायचे. गणपती बुडवलेली रात. मावशीचं घर पत्र्याचं, ते नुसतं खडखड वाजलं. आमी समदी बाहेर आलो. पाऊस सुरू झाला. उजाडल्यावर एक जण मोटारसायकलवर आला. म्हणाला, तिकडं गावंच्या गावं बसली. आमच्या गावाचं नाव घेतलं त्यानं. मावशी रडाय लागली. म्या निघाले. पायात चप्पल बी न्हवती."

भूकंपाच्या वेळी मी धाराशिवमध्ये लहान होते. आम्ही महिनाभर अंगणात झोपलो, एवढीच माझी आठवण.

"ह्योच रस्ता. तवा कच्चा होता. निम्म्यात आले आसंन, आन् डाव्या अंगानं हाक आली. बाईमाणसाची. 'पोरी, थांब की गं.' पडल्या घरातनं यावी तशी. आतनं." त्यांनी एक लांब श्वास घेतला. "म्या थांबले न्हाय, बाई. मागं वळून बी बघितलं न्हाय. मला आईकडं जायचं होतं. ती हाक तीनदा आली. म्या कानांवर हात धरले आन् पळाले."

थोडं पुढं गेल्यावर त्यांनी उरलेलं सांगितलं. वडील रानात राखणीला होते म्हणून वाचले. आई आणि दोन वर्षांचा भाऊ राहुल घरात होते. आधी त्यांचं कुडाचं घर होतं. त्याच उन्हाळ्यात वडिलांनी दगडी भिंती घालून वर मातीचं माळवद टाकलं होतं. आईला त्या माळवदाचं फार कौतुक होतं. सिस्टर पोचल्या तेव्हा सगळं होऊन कितीतरी तास झाले होते. त्या थांबल्या असत्या तरी घरच्यांना काही फरक पडणार नव्हता.

"म्हंजी मला थांबता आलं असतं," त्या म्हणाल्या.

नाला ओलांडला आणि त्या चालायला लागल्या. मग थांबल्या. "हितंच," म्हणाल्या. डाव्या हाताला चार-पाच सिमेंटची घरं होती. एका घरासमोर उन्हात एक म्हातारी शेण्या थापत बसली होती. सिस्टर तिच्यासमोर जाऊन उकिडव्या बसल्या.

"आजी, भूकंपाच्या येळंला तुमी हितंच होता का?"

"हितंच की. पर हितं न्हवं, तकडं." म्हातारीनं शेणाचा हात लांब केला. ज्वारीच्या पलीकडं, पाऊण-एक किलोमीटरवर झाडं दिसत होती. "वाडी तकडं होती आमची. हितं काय न्हवतं बग तवा. समदा माळ."

"रस्त्याच्या कडंला एक बी घर न्हवतं?"

"घर कुटलं? झाड सुदीक न्हवतं. ही घरं समदी मागनं झाली."

सिस्टरनी रस्त्यापासून त्या झाडांपर्यंत नजर टाकली. मग म्हणाल्या, "वाडीतनं कुणी हाक मारली तर हितवर यायची का?"

"वारं असलं तर येत आसंल. पर वाडीत कोन अडकलं न्हवतं, बया. आमची कुडाची घरं, पडली ती बी हलकी पडली. दोन बैलं मेली तेवढी." म्हातारीनं त्यांच्याकडं निरखून पाहिलं. "कुनाला हुडकायलीस?"

"कुणाला न्हाय."

मला वाटलं, आता उठतील. पण त्यांनी हात पुढं करून म्हातारीच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढून बघितली. "रक्त लई कमी हाय तुमचं. तुमच्या हितल्या सिस्टरला सांगा, गोळ्या द्यायला. उपाशीपोटी घेऊ नगा." मग उठल्या.

राहिलेलं अंतर आम्ही पळालो, पण ते पळणं नव्हतं. जुन्या गावाच्या जागी वेड्या बाभळी माजल्या होत्या. त्यांच्या मुळांशी दगडांचे ढीग होते, आणि मध्ये कुठं कुठं एखादा उंबरा जमिनीशी सपाट दिसत होता. नवं गाव दूर, सरळ रेषेत वसलेलं. मला वाटलं होतं, त्या आत जातील, आपलं घर कुठं होतं ते दाखवतील. त्या रस्त्यावरच उभ्या राहिल्या. खिशातला भाकरीचा तुकडा काढला, अर्धा मला दिला. आम्ही तो उभ्यानं खाल्ला.

"आई लगीच सापडली," त्या म्हणाल्या. "राहुल सांजच्याला."

परतताना मीच बोलत होते. शिक्षिकेची सवय. म्हटलं, तुम्ही बारा वर्षांच्या होतात, भेदरलेल्या. ती जागा दुसरी असेल, वेळ दुसरी असेल. अशा वेळी मनात एकाचं दुसरं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"व्हय, तसं बी आसंल," म्हणाल्या. आणि बरंच पुढं गेल्यावर, जणू मध्ये काही वेळ गेलाच नाही अशा आवाजात, "मग त्या माळावर हाक कुणाची होती, बाई?"

त्यानंतर त्यांनी मला तो प्रश्न कधी विचारला नाही, पण मी मात्र पहाटे पळताना ऐकायला लागले. काय ऐकायचं होतं ते मलाही ठाऊक नव्हतं.

जानेवारीत सोलापूरला गेलो. मैदानावर हजारभर माणसं, रंगीत टी-शर्ट, लाउडस्पीकरवर गाणी. सिस्टरनी छातीवर नंबर लावून घेतला तो पिना मोजून, चार कोपऱ्यांना चार. टी-शर्ट स्वेटरवर चढवला. आजूबाजूच्या पोरी हसल्या, तर त्याही हसल्या.

पहिले दहा किलोमीटर झकास गेले. त्यांची लय इतकी एकसारखी होती की मी घड्याळाकडं बघणं सोडून दिलं. मग रस्ता वस्तीतून जायला लागला. दोन्ही बाजूंना शाळेची मुलं, बायका, हलगी वाजवणारे. सगळे एकसुरात ओरडत होते, "थांबू नका, थांबू नका."

मी त्यांच्याकडं पाहिलं. चेहऱ्यावरचा रंग उतरला होता.

"हे लोक असं का ओरडायलेत?"

"आपल्याला जोर यावा म्हणून, सिस्टर. काही नाही, चला."

त्यांनी दोन्ही हातांनी कानटोपी खाली ओढली, पार हनुवटीपर्यंत. ऊन वर आलं होतं, घामाच्या धारा लागल्या होत्या, पण ती टोपी त्यांनी शेवटपर्यंत वर केली नाही. नजर पायांपुढच्या डांबरावर. मी त्यांना कोपरानं वाट दाखवत होते.

चौदाव्या किलोमीटरच्या पाटीजवळ एक मुलगी कडेला बसली होती. कॉलेजातली असावी. एक बूट काढलेला, पोटरी दोन्ही हातांनी धरलेली. आमच्याकडं बघून तिनं हात वर केला. काहीतरी म्हणाली, पण हलगीत ऐकू आलं नाही. पाण्याचं टेबल तिथून फार लांब नव्हतं. तिथली माणसं तिला बघतीलच, असं मला वाटलं. आणि सिस्टरना दाखवलं तर त्या थांबणार, थांबल्या की आमचं संपलं, हेही वाटलं. मी रस्त्याच्या त्या बाजूला झाले, म्हणजे मुलगी आणि सिस्टर यांच्या मध्ये. आम्ही पुढं गेलो.

आम्ही स्पर्धा पूर्ण केली. पावणेतीन तासांच्या आसपास. गळ्यात पदक पडलं. मी रडत होते, हसत होते, नवऱ्याला फोन लावत होते. सिस्टर मैदानाच्या कडेला जमिनीवर बसल्या. टोपी काढली. केस घामानं चिकटलेले, कानांवर लोकरीचे वळ.

"बाई," त्या म्हणाल्या, "वाटंत कुणाला सोडून आलो का आपण?"

"नाही."

"नीट आठवा. मला काय ऐकू येत न्हवतं."

"नाही, सिस्टर. कुणी नव्हतं."

त्यांनी मान हलवली. समाधानानं हलवली. पदक हातात घेऊन उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाल्या, "चला, जमलं म्हणायचं." बेंबळीपर्यंत एसटीत त्या गाढ झोपल्या. मी खिडकीतून बाहेर बघत होते. त्या मुलीला कुणीतरी उचललं असेलच. मी नंतर त्या स्पर्धेची छायाचित्रं मोबाईलवर पुन्हा पुन्हा पाहिली, ती कुठं दिसते का म्हणून.

मे महिन्यात बदल्यांची यादी लागली. सिस्टरना परंड्याच्या बाजूला, सोनारीच्या अलीकडं एक उपकेंद्र मिळालं. जिल्ह्याचं एक टोक सोडून दुसरं. निरोपाच्या दिवशी केंद्रासमोर इतक्या बायका जमल्या की टेम्पोला निघायला दुपार झाली. भरतीच्या पोरांपैकी दोघं कपाट उचलायला आले होते. त्यातला एक तोवर पोलीस झाला होता.

मी एकटी पळत राहिले. आता शेकोटीवरचे लोक मला हाक मारायचे, "बाई, सिस्टरचं काय म्हणणं?" मीही थांबायला लागले. थांबल्यावर फार वेळ लागत नाही, हे मला तेव्हा कळलं.

पुढच्या जानेवारीत, सुट्टीला जोडून, मी त्यांच्याकडं एक रात्र राहायला गेले. त्या वाळल्या होत्या. गालाची हाडं वर आली होती. मी विचारलं, तर म्हणाल्या, नव्या जागी खाण्याकडं लक्ष राहत न्हाय. मला ते खरं वाटलं. पोटातलं दुखणं त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. ते पुढं पावसाळ्यात कळलं, आणि कळल्यावर सोलापूरच्या दवाखान्यात त्या जेमतेम दोन आठवडे होत्या. मला फोन आला तोवर सगळं आटपलं होतं.

पण त्या जानेवारीत यातलं काही ठाऊक नव्हतं. सकाळी मी बूट घालून तयार झाले. त्या म्हणाल्या, "म्या पळणं सोडलं. चला, रस्त्यापर्यंत येते."

उपकेंद्र डांबरी रस्त्याला लागूनच होतं. आम्ही शाली पांघरून कडेला उभ्या राहिलो. एक उसाचा ट्रॅक्टर गेला. सोनारीच्या भैरवनाथाला निघालेली दोन माणसं चालत गेली. सिस्टरनी त्यांना विचारलं, पाणी पायजे का. नको म्हणाले, पुढं गेले.

"रोज उभ्या राहता?" मी विचारलं.

"व्हय. तासभर. कुणी येतं-जातं."

मी त्यांना त्या मुलीबद्दल सांगणार होते. शब्द जुळवूनच आले होते. तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "बाई, तुमाला एक सांगायचं राहिलं होतं. त्या दिवशीची हाक 'पोरी' अशी न्हवती. म्या तुमाला तसं सांगितलं खरं. 'कुसे, थांब की गं,' अशी होती."

मी त्यांच्याकडं पाहिलं.

"मला कुसे कोण म्हणायचं, ते आता इचारू नगा," त्या म्हणाल्या.

मी विचारलं नाही. माझंही सांगायचं राहिलं.

साडेसातला परंड्याकडून एसटी आली. त्यांनी माझी पिशवी वर दिली. खिडकीतून गुळाचा खडा हातात ठेवला. "साखर तपासत जावा," म्हणाल्या. गाडी निघाली. मी मागच्या सीटवर होते, वळून काचेतून बघत राहिले. त्या हात हलवतील असं वाटलं होतं. त्या गाडीकडं बघत नव्हत्या. शाल डोक्यावरून घेऊन, उलट्या दिशेला मान वळवून त्या रस्त्याकडं बघत होत्या, जिकडून कुणीच येत नव्हतं. मग त्यांनी शाल कानावरून मागं सारली आणि रस्त्यावर दोन पावलं पुढं आल्या.